पेद्रो कामाचोच्या मागचा माणूस

लिमातल्या रेडिओ सेंट्रलचे मालक मालिका किलोवर विकत घेत. क्यूबाहून संहितांचे गठ्ठे येत. एवढं वाचून पाहायला सवड कुणाला होती? पानांच्या आणि शब्दांच्या आकड्यांत फसवणूक होऊ शकते, वजनात ती कठीण, असा त्यांचा साधा हिशेब. वाटेत काही पानं गहाळ होत, काही भिजून जात. ऐन रंगात आलेल्या कथेचा मधलाच तुकडा नाहीसा झाला, की स्टेशनवरची माणसं जमेल तशी डागडुजी करत. शेवटी या कटकटीला कंटाळून मालकांनी शेजारच्या बोलिव्हियातून एक लेखकच आणला. नाव पेद्रो कामाचो.

पेरूचे लेखक मारियो व्हार्गास योसा यांनी 1977 साली प्रसिद्ध केलेल्या कादंबरीत हे सगळं येतं. इंग्रजीतून वाचणाऱ्यांना ती ‘आंट ज्युलिया अँड द स्क्रिप्टरायटर’ या नावाने ठाऊक आहे. कादंबरी 1950च्या दशकातल्या लिमाची, टीव्ही यायच्या आधीच्या शहराची आहे. अठरा वर्षांचा मारियो रेडिओ पानामेरिकानामध्ये बातम्या तयार करतो आणि मनात मात्र मोठा लेखक व्हायची स्वप्नं बघतो. त्याच सुमाराला त्याच्या आयुष्यात दोन बोलिव्हियन माणसं येतात. एक त्याच्या मामीची घटस्फोटित बहीण हूलिया, जिच्या तो प्रेमात पडतो, आणि दुसरा कामाचो.

कामाचो पन्नाशीचा, बुटका, अंगात काळा सूट. पुदिन्याचा काढा पीत तो दिवसभर टाइपरायटर बडवतो, पात्राच्या अंगात शिरण्यासाठी वेष बदलतो आणि अर्जेंटिनाच्या माणसांचा मनापासून द्वेष करतो. एकाच वेळी अनेक मालिका रेटता रेटता त्याचं डोकं हळूहळू साथ सोडतं. एका मालिकेत मेलेला माणूस दुसरीत चालता-बोलता हजर होतो, डॉक्टरचा पाद्री होतो. आपल्याच पात्रांचा गुंता सुटेना, तेव्हा तो भूकंप, जहाजबुडी, आगी आणून सगळ्यांना एकदम मारून टाकतो. व्हार्गास योसांनी रचनाही तशीच ठेवली आहे. एक प्रकरण मारियोचं, पुढचं कामाचोच्या मालिकेचं. वाचकही श्रोत्यांसारखाच त्या घोळात सापडतो.

यातलं किती खरं? बरंच. व्हार्गास योसा तरुणपणी खरोखर रेडिओ पानामेरिकानात बातम्यांचं काम करत होते. 1955 साली त्यांनी हूलिया उर्किदी यांच्याशी लग्न केलं, तेव्हा ते एकोणीस वर्षांचे होते आणि त्या त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठ्या. कादंबरीतले रेडिओचे मालक, हेनारो बापलेक, म्हणजे रेडिओधंद्यातलं डेलगादो घराणं. मामा, मामी, मित्र यांची नावं बहुतेक जशीच्या तशी आहेत. हूलियाबाईंनी तर 1983 साली आपली बाजू मांडणारं स्वतंत्र पुस्तकच लिहिलं. लेखकाचं नाव मात्र बदललेलं आहे. पेद्रो कामाचो या पात्रामागे राउल साल्मोन दे ला बार्रा हा बोलिव्हियन नाटककार आहे, असं मानलं जातं.

साल्मोन ला पाझचे. 1940च्या दशकात त्यांनी शहरातल्या गरीब वस्त्यांवर, वेश्यावस्तीवर, चाळवजा घरांतल्या जगण्यावर नाटकं लिहिली. बोलिव्हियाच्या रंगभूमीच्या इतिहासात या प्रवाहाला सामाजिक नाटक म्हणतात. पुढे त्यांनी देशाच्या इतिहासातल्या वादग्रस्त व्यक्तींवरही नाटकं रचली. लिमातल्या रेडिओ सेंट्रलवर त्यांनी काही काळ मालिका लिहिल्या, मग मायदेशी परतून रेडिओच्या धंद्यात पाय रोवले आणि ला पाझचे महापौरही झाले. 1990 साली त्यांचं निधन झालं. थोडक्यात, वेड लागून एका फडतूस मासिकात हरकाम्या झालेल्या कामाचोशी त्यांच्या उत्तरायुष्याचा काही संबंध नाही.

कामाचोच्या आधी किलोवर येणारे ते कागद क्यूबाहूनच का येत, यालाही इतिहास आहे. हवानातल्या चिरूट कारखान्यांत 1865 सालापासून एक वेगळीच नोकरी होती. कामगार पानं वळत बसलेले असताना उंच आसनावरून त्यांना वाचून दाखवणारा माणूस. सकाळी वर्तमानपत्र, नंतर कादंबरी. ड्यूमा आणि ह्यूगो तिथल्या अनेक कामगारांनी डोळ्यांनी नव्हे, कानांनी वाचले. क्रमशः ऐकत राहण्याची आणि उद्याच्या भागासाठी जीव टांगून ठेवण्याची सवय तिथे रेडिओच्या आधीच रुजलेली होती. त्यात रेडिओ आला, आणि घरातल्या बायकांपर्यंत पोचू पाहणारे साबणवाले पैसे घेऊन मागोमाग आले.

या जमिनीत उगवलेलं सर्वांत मोठं नाव फेलिक्स काइन्येत. त्यांचा जन्म 1892 सालचा. सान्तियागो दे कूबा या शहरात त्यांनी मुलांसाठी गोष्टी सांगितल्या, गाणी रचली आणि चान ली पो नावाचा चिनी गुप्तहेर रेडिओवर आणला. 1937 साली या गुप्तहेरावर निघालेला ‘ला सेर्पिएंते रोहा’ हा क्यूबाचा पहिला पूर्ण लांबीचा बोलपट. 1 एप्रिल 1948 रोजी हवानाच्या सीएमक्यू केंद्रावरून त्यांची ‘एल देरेचो दे नासेर’ म्हणजे ‘जन्माचा हक्क’ ही मालिका सुरू झाली आणि 314 भाग चालली. कुमारी मातेचं मूल, त्याला मारायला निघालेला धनाढ्य आजोबा, मुलाला घेऊन पळून जाणारी कृष्णवर्णीय दाई, आणि मोठेपणी डॉक्टर होऊन त्याच आजोबाचा जीव वाचवणारा नातू. या मालिकेत आजोबा डॉन राफाएल सगळं गुपित कळताच मुका होतो आणि भागामागून भाग मुकाच राहतो. त्याला आवाज देणाऱ्या नटाने मानधन वाढवून मागितलं म्हणून काइन्येतनी त्याची वाचाच घालवली, अशी आख्यायिका आजही सांगितली जाते. खरं कारण काहीही असो, ‘डॉन राफाएल बोलणार कधी?’ हाच श्रोत्यांना जडलेला ध्यास झाला.

ही कथा मेक्सिकोत सिनेमा झाली, ब्राझीलमध्ये आधी रेडिओवर आणि मग टीव्हीवर गाजली. लॅटिन अमेरिकेतल्या टीव्ही मालिकांचा साचा इथूनच पडला.

लिमातही तेच घडलं. डेलगादो घराणं रेडिओवरून टीव्हीकडे वळलं. त्यांच्या पानामेरिकाना वाहिनीवर 1969 साली ‘सिम्प्लेमेंते मारिया’ सुरू झाली. खेड्यातून शहरात आलेली मोलकरीण मारिया रात्री लिहा-वाचायला शिकते, शिवणकाम शिकते आणि स्वतःच्या पायावर उभी राहते. ती पाहून सिंगर शिवणयंत्रांचा खप वाढला आणि साक्षरतावर्गांत मोलकरणी येऊ लागल्या. मेक्सिकोच्या मिगेल साबिदो यांनी हा परिणाम नीट अभ्यासला आणि ठरवून समाजशिक्षण करणाऱ्या मालिका काढल्या. त्यांचं हे काम पाहून माहिती आणि प्रसारण खात्याचे तेव्हाचे सचिव एस. एस. गिल यांनी ती कल्पना दिल्लीत आणली. 7 जुलै 1984 रोजी दूरदर्शनवर ‘हम लोग’ सुरू झाली. बडकी, छुटकी, लल्लू, नन्हे आणि शेवटी येणारे अशोककुमार महाराष्ट्रातल्या घरांतही तितक्याच आवडीने पाहिले गेले. त्या ओढीच्या मुळाशी लिमाचं एक रेडिओघराणं आहे, हे मात्र कुणाच्या गावी नव्हतं.

1990 साली व्हार्गास योसांच्या कादंबरीवर हॉलिवुडने चित्रपट काढला. त्यात लिमाच्या जागी न्यू ऑर्लिन्स आलं, अर्जेंटिनाऐवजी अल्बेनियाचा द्वेष आला, आणि पीटर फॉकने रंगवलेल्या लेखकाचं नाव पेद्रो कारमायकल झालं. म्हणजे साल्मोन आणखी एक घर मागे सरकले.

श्रुतिकालेखकाच्या वाट्याला हे विस्मरण येतं, कारण त्याचं लिखाण एकदा प्रसारित झालं की लोकांकडे उरतो फक्त नटाचा आवाज. मराठीत वेगळं काय झालं? आकाशवाणी मुंबईच्या ‘प्रपंच’मधले प्रभाकर जोशींचे टेकाडे भावजी, नीलम प्रभूंच्या मीनावहिनी आणि बाळ कुडतरकरांचे पंत जुन्या श्रोत्यांना आजही आठवतात. त्यांच्या तोंडची वाक्यं लिहिली कुणी, असं विचारलं तर तेच श्रोते गप्प होतात. कादंबरी लिहायला पुढे कुणीही येईल, त्यासाठी आधी मूळ कागद हाताशी हवेत. ज्यांच्या घरी माळ्यावर, ट्रंकेत आजोबा-आजींच्या श्रुतिकांच्या टंकलिखित प्रती पडून असतील, त्यांनी त्या रद्दीत घालण्याआधी जवळच्या ग्रंथसंग्रहालयात नेऊन द्याव्यात, आणि पहिल्या पानावर लेखकाचं नाव ठळक अक्षरांत लिहावं.