वृद्धाश्रमातला श्रम

मावशीला वृद्धाश्रमात पोहोचवून आम्ही परतलो, त्याच संध्याकाळी एका नातेवाइकांचा फोन आला. "टाकलंत का तिला?" त्या क्रियापदाने मला रात्रभर झोप लागू दिली नाही. 'नातवाला इंग्लिश मीडियमला टाकलं' असं आपण सहज म्हणतो, तिथे ते बोचत नाही. वृद्धाश्रमाशेजारी आलं की मात्र 'नवऱ्याने टाकलेली' मधला सगळा दुष्टपणा त्यात जागा होतो.

'वृद्धाश्रम' या शब्दाचा स्वतःचा यात काहीच दोष नाही. 'वृद्ध' म्हणजे वाढलेला. धातू वृध्. वृद्धी, वर्धन आणि आपली घरगुती 'वाढ' ही त्याचीच मंडळी, म्हणजे वाढदिवससुद्धा. पाणिनीची अष्टाध्यायी 'वृद्धि' याच शब्दाने सुरू होते आणि तो मंगल म्हणून आधी घातला, असं पतंजली सांगतो. हल्ली 'वृद्ध' म्हणायला जीभ अडखळते, म्हणून 'ज्येष्ठ' म्हणायचं. 2007 च्या कायद्यानेही साठी पूर्ण केलेल्यांना 'ज्येष्ठ नागरिक' केलं. पण पाणिनीकडे ज्येष्ठ हे वृद्धाचंच पुढचं रूप आहे: सर्वांत वृद्ध! 'म्हातारा' आला महत्तर, म्हणजे अधिक मोठा, यावरून. आणि ज्याची आपण शिवी केली तो 'थेरडा' स्थविराच्या कुळातला. पालीत त्याचा 'थेर' झाला, तो ज्येष्ठ भिक्खूंचा मानाचा शब्द. घरातून मान गेला की शब्दातूनही जातो, याचं मला फार वाईट वाटतं.

'आश्रम' म्हणजे आसरा, असं पुष्कळांना वाटतं. आसरा 'आश्रय' मधून आला; त्याचा धातू श्रि, टेकणे. आश्रमात आहे तो श्रम्: कष्ट, तप. आयुष्याचे चार आश्रम मोजले, त्यांत वानप्रस्थ आहे, पण त्यासाठी माणसाने आपल्या पायांनी निघायचं असतं. कुणी पोहोचवायला येत नाही. धोंडो केशव कर्व्यांनी 1896 मध्ये पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला, तेव्हा विधवांनी शिकून स्वतःच्या पायावर उभं राहावं हा हेतू होता. तिथे श्रम शोभतो. पुढे 'अनाथ' आणि 'आश्रम' यांची जोडी अशी घट्ट बसली, की वृद्धाश्रम म्हटलं तरी कानाला अनाथच ऐकू येतं. पुण्यातल्या डेव्हिड ससून अनाथ पंगू गृहाला लोक 'निवारा' म्हणतात. निवारणारा, ऊनपाऊस अडवणारा. हे नाव मला जवळचं वाटतं.

मावशीसाठी जागेच्या चौकशीला फोन केला होता, तेव्हा मात्र यातला एकही शब्द कामाला आला नाही. पलीकडून पहिला प्रश्न आला, "स्वतःचं स्वतः करतात का?" हिंडत्याफिरत्या माणसाला घेणारी ठिकाणं वेगळी, अंथरुणाला खिळलेल्याला घेणारी वेगळी, विसरभोळेपणाच्या आजाराला घेणारी त्याहून कमी. जागा मोजायची ती कॉटवर: "कॉट रिकामी नाही, नाव लिहून ठेवतो."

आत गेलं की नात्यांचे शब्द उलटेपालटे होतात. काम करणारी बाई तिशीतली, तिला सगळ्या 'मावशी' म्हणतात. माझी मावशी ब्याऐंशीची; तीही तिला "अहो मावशी" म्हणून हाक मारते आणि ती हिला 'आजी' म्हणते.

तिथल्या पाटीवर 'शुश्रूषा' शब्द आहे. आपण त्याचा अर्थ औषधपाणी, अंग पुसणं असा धरतो. मुळात तो श्रु धातूचा इच्छार्थक: ऐकण्याची इच्छा. शिष्याने गुरूचं ऐकावं, म्हणून जवळ राहावं. जवळ राहिलं की सेवा आलीच.

परवा गेले, तेव्हा त्या तिशीतल्या मावशी माझ्या मावशीची वेणी घालत होत्या. मावशी विहिरीत पडलेल्या कळशीची गोष्ट सांगत होती. मी ती शंभरदा ऐकली आहे, आणि हल्ली मधेच तोडते. त्यांनी कंगवा थांबवला आणि विचारलं, "मग? काढली कुणी?"