क्रॉसलीची दुर्बीण आणि कीलरची दोन वर्षे

हैदराबादहून पुण्याला रेल्वेने जाताना सोलापूर आणि कुर्डुवाडी मागे पडले की जेऊर नावाचे स्टेशन लागते. करमाळा तालुक्यातले हे गाव. रात्रीच्या गाडीने जाणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांनी ते झोपेतच ओलांडलेले असते. २२ जानेवारी १८९८ रोजी भर दुपारी या जेऊरच्या माळावर सुमारे दोन मिनिटे अंधार पडला होता. त्या दिवशीच्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा कोकणातून देशावर आणि पुढे विदर्भातून गेला. विजयदुर्गला इंग्लंडचे लॉकियर आले होते. जेऊरला पुण्याच्या सायन्स कॉलेजातले प्रा. कावसजी दादाभाई नायगमवाला यांची तुकडी होती आणि थेट कॅलिफोर्नियातून आलेली लिक वेधशाळेची तुकडीही होती. तिचे प्रमुख विल्यम कॅम्पबेल. सोबत त्यांची पत्नी एलिझाबेथ आणि चाळीस फूट लांबीचा एक अजस्र कॅमेरा. मुलखात प्लेगची धास्ती असताना या मंडळींनी सूर्याच्या प्रभामंडळाची उत्तम छायाचित्रे घेतली आणि काचा सांभाळून परत नेल्या.

जेऊरच्या ग्रहणाबद्दल मराठीत थोडेफार लिहिले गेले आहे. कॅम्पबेल जेऊरच्या माळावर होते तेव्हा त्यांच्या मूळ वेधशाळेत काय चालले होते, हे मात्र आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही. त्या डोंगरावर तेव्हा कायमचा संचालकच नव्हता. आधीच्या संचालकांना सहकाऱ्यांशी झालेल्या भांडणांमुळे १८९७ साली जावे लागले होते, आणि त्या भांडणांतले एक निमित्त होते एक जुनी दुर्बीण. ती दुर्बीण आणि काही महिन्यांनी तिच्यापाशी आलेला माणूस, यांची ही हकिकत.

लिक वेधशाळा माउंट हॅमिल्टन या डोंगरावर आहे. उंची सुमारे ४२०० फूट, म्हणजे आपल्या महाबळेश्वरापेक्षा थोडी कमीच. पण वर्षाचा मोठा भाग तिथे आकाश निरभ्र असते आणि हवा स्थिर असते. जेम्स लिक नावाच्या धनिकाने सात लाख डॉलर ठेवले, त्यातून ही वेधशाळा उभी राहिली आणि १८८८ मध्ये सुरू झाली. तिची ३६ इंच व्यासाची भिंगाची दुर्बीण त्या वेळी जगात सर्वांत मोठी होती. लिकचा देह त्याच दुर्बिणीच्या आधारस्तंभाखाली पुरलेला आहे.

वादातली दुर्बीण ती नव्हे. ही दुसरी. हिचाही व्यास ३६ इंच, पण ही आरशाची. इंग्लंडच्या अँड्र्यू कॉमन या हौशी माणसाने १८७९ च्या सुमारास ती बांधून घेतली, तिचा आरसा जॉर्ज कॅल्व्हर या कारागिराने घासला होता. कॉमनने १८८३ मध्ये तिच्यातून मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचे छायाचित्र घेतले आणि त्याबद्दल रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचे सुवर्णपदक मिळवले. मग त्याला आणखी मोठ्या दुर्बिणीचे वेध लागले आणि ही त्याने हॅलिफॅक्सच्या एडवर्ड क्रॉसली या गिरणीमालकाला विकली. हॅलिफॅक्स म्हणजे गिरण्यांच्या धुराचे गाव. तिथल्या आकाशात दुर्बिणीचे काय चालणार! क्रॉसलीने १८९५ मध्ये ती घुमटासकट लिक वेधशाळेला देऊन टाकली.

देणगी आली खरी, पण तिच्याबरोबर डोकेदुखीही आली. आकाशाबरोबर फिरणाऱ्या दुर्बिणीचा मुख्य अक्ष ध्रुवाकडे रोखलेला असावा लागतो, आणि ध्रुव क्षितिजापासून किती वर दिसतो हे त्या गावाच्या अक्षांशावर ठरते. आपल्या हैदराबादेत तो साडेसतरा अंशांच्या आसपास असतो, हॅलिफॅक्सला जवळपास चोपन्न आणि माउंट हॅमिल्टनला सदतीस. म्हणजे मांडणी एका गावासाठी केलेली आणि संसार मात्र दुसऱ्या गावी. अक्षाचा भार पाऱ्यावर तोलून धरण्याची कॉमनची युक्ती कागदावर सुरेख होती, व्यवहारात रुसणारी. नळी म्हणजे लोखंडी जाळीचा सांगाडा, तो वाऱ्याने थरथरायचा. वेधशाळेतल्या हसी नावाच्या खगोलज्ञाने संचालकांचा हुकूम असूनही या दुर्बिणीवर काम करायला चक्क नकार दिला. डोंगराच्या दक्षिणेकडे गेलेल्या खडकाळ सोंडेच्या टोकाला, मुख्य इमारतीपासून लांब, तिचा घुमट मग बराचसा बंदच राहिला.

जून १८९८ मध्ये जेम्स एडवर्ड कीलर संचालक म्हणून डोंगरावर आला. वय चाळीस. डोंगर त्याला नवा नव्हता. शिक्षण संपताच, १८८१ मध्ये, तो लँग्ले यांच्याबरोबर माउंट व्हिटनी या चौदा हजार फुटांवरच्या शिखरावर सूर्याची उष्णता मोजायला गेला होता. लिकची वेधशाळा बांधून होत असतानाही तो तिथे नोकरीला होता. १८९५ साली त्याने वर्णपटाच्या आधारे दाखवून दिले की शनीची कडी ही अखंड तबकडी नसून असंख्य लहान तुकड्यांचा थवा आहे, कारण आतले तुकडे बाहेरच्यांपेक्षा वेगाने फिरतात. त्याचे नाव झाले ते या शोधाने. प्रकाशाचा वर्णपट पाडून वाचणे हे त्याचे शास्त्र. अंधूक तेजोमेघांची तासन्‌तास छायाचित्रे घेणे हा वेगळाच धंदा, आणि त्यात तो नवशिक्या होता.

संचालक झाल्यावर मोठी भिंगाची दुर्बीण आपल्याकडे ठेवायला त्याला कोणी हरकत घेतली नसती. पण जेऊरहून परतलेल्या कॅम्पबेल यांनी त्या दुर्बिणीवर ताऱ्यांचे वेग मोजण्याचे काम उत्तम बसवले होते. कीलरने ती त्यांच्याकडेच राहू दिली आणि स्वतःसाठी कोणालाच नको असलेली क्रॉसली मागून घेतली. (आपल्या मंडळांत नवा अध्यक्ष आला की आधी कोणती खुर्ची बदलते, हे वाचकांना सांगायला नको.)

पहिले काही महिने दुरुस्तीतच गेले. खांबाची उंची कमी करून घेतली, घड्याळाचे यंत्र सुधारले, अक्ष पुन्हा पुन्हा जुळवला. साधी छायाचित्रे घेऊन पाहायची, ती बिघडलेली निघायची, मग का बिघडली याचा शोध. लहान-मोठ्या खोड्या अशा एकेक करून सापडत गेल्या.

हे छायाचित्रण म्हणजे नेमके काय, हे आज मोबाइलवर क्षणात फोटो काढणाऱ्यांना सांगायला हवे. डोळ्यावर पडणारा प्रकाश डोळा साठवत नाही. तासभर टक लावून पाहिले तरी अंधूक वस्तू अंधूकच राहते. काचेवरच्या चांदीच्या क्षारांच्या थराचे तसे नाही. त्यावर प्रकाश पडत राहील तसा तो साठत जातो. म्हणून काच चार चार तास उघडी ठेवायची. पण तेवढ्या वेळात पृथ्वी साठ अंश फिरते. घड्याळाच्या यंत्राने दुर्बीण आकाशाबरोबर फिरवली तरी ते यंत्र कधी किंचित पुढे, कधी किंचित मागे. आरसा आपल्या बैठकीत केसभर सरकतो. थंडी वाढली की नळी आखडते आणि प्रतिमा अस्पष्ट होते. म्हणून काचेच्या कडेला एक छोटी नेत्रिका बसवलेली असते. तिच्यात एक तारा आडव्या-उभ्या तारांच्या फुलीवर धरायचा आणि तो हलला की दोन स्क्रू फिरवून काचेची चौकट त्याच्यामागे न्यायची. चार तास नजर त्या एका ताऱ्यावरून काढायची नाही.

हे सगळे नळीच्या वरच्या तोंडापाशी, उंच मचाणावर, अंधारात. घुमट उघडा, शेगडी पेटवायची सोय नाही, कारण गरम हवेने तारे लवलवतात. चार तासांनी काच काळोख्या खोलीत नेऊन धुतली की मगच कळायचे, रात्र कामी आली की वाया गेली.

आपल्या निजामिया वेधशाळेनेही पुढे असाच संसार केला. नवाब जफर जंग यांनी १९०१ च्या सुमारास सुरू केलेली ही वेधशाळा नंतर बेगमपेठेत आली, आणि जगातल्या अनेक वेधशाळांनी वाटून घेतलेल्या आकाशाच्या नकाशातला दक्षिणेकडचा एक पट्टा हैदराबादकडे आला. इथल्या आठ इंची दुर्बिणीने घेतलेल्या काचांवरून सात लाखांहून अधिक ताऱ्यांच्या जागा माणसांनी डोळ्यांनी मोजून छापल्या. ते काम ताऱ्यांचे, कीलरचे तेजोमेघांचे. पण काचेपुढचा जागरणाचा हिशेब तोच.

नोव्हेंबर १८९८ मध्ये कीलरने मृगातल्या तेजोमेघाचे छायाचित्र घेतले. कॉमनला पदक मिळवून देणाऱ्या त्याच आरशाने, आणि कॉमनपेक्षा सरस. मे १८९९ मध्ये त्याने सप्तर्षींच्या शेपटातल्या मरीची ताऱ्याजवळचा एक तेजोमेघ टिपला. लॉर्ड रॉस यांनी १८४५ साली आपल्या सहा फुटी आरशाच्या दुर्बिणीतून तो पाहून भोवऱ्यासारखा वळलेला काढला होता. त्यानंतर असे सर्पिल तेजोमेघ थोडेच माहीत होते, जणू आकाशातली दुर्मीळ नवलाई.

कीलरच्या काचा धुऊन निघू लागल्या तसे दोन गोष्टींनी त्याला गाठले. तो एका तेजोमेघाचे छायाचित्र घ्यायला जायचा आणि त्याच काचेवर कडेला, कोणत्याही यादीत नसलेले, लहान लहान आणखी तेजोमेघ निघायचे. आणि ते नीट पाहिले की बहुतेक सर्पिल. म्हणजे ज्याला अपवाद समजत होते तोच नियम निघाला. क्रॉसलीच्या एका काचेवर आकाशाचा साधारण एक चौरस अंश मावतो, पौर्णिमेचे पाच चंद्र बसतील एवढा तुकडा. एका चौरस अंशात तीन तेजोमेघ जरी धरले, तरी अख्ख्या आकाशाच्या एक्केचाळीस हजारांहून अधिक चौरस अंशांत ते किती होतील? कीलरने आकडा सांगितला: या दुर्बिणीच्या आटोक्यात एक लाख वीस हजार. त्या वेळच्या मुख्य यादीत, ड्रायर यांनी १८८८ मध्ये छापलेल्या, तारकागुच्छ धरूनही ७८४० नोंदी होत्या. आणि आपला आकडा कमीच धरलेला आहे, असे त्याचे मत होते.

हे तेजोमेघ म्हणजे काय, हे त्यालाही ठाऊक नव्हते. बऱ्याच जणांना वाटे की हे घडत असलेले एकेक तारे किंवा सूर्यमाला असाव्यात. कीलरही त्याच दिशेने विचार करीत होता; पण ठाम काही न बोलता त्याने काचा पुढे ठेवल्या. मला त्याचे हे वागणे फार आवडते. माहीत नाही तिथे थांबायचे आणि माहीत आहे ते मोजून मांडायचे.

जून १९०० मध्ये त्याने क्रॉसलीवरचा आपला मोठा लेख प्रसिद्ध केला. त्यात शोधांपेक्षा जास्त जागा दुर्बिणीच्या रचनेला, तिच्या दोषांना आणि ते कसे आवरले याला दिलेली आहे. पुढे या यंत्रावर बसणाऱ्याला अडचण येऊ नये, अशा बेताने लिहिलेला लेख आहे. छातीचा विकार त्याला आधीपासून होता, उन्हाळ्यात तो बळावला. उपचारासाठी तो डोंगर उतरला आणि १२ ऑगस्ट १९०० रोजी सॅन फ्रान्सिस्कोत अर्धांगाच्या झटक्याने गेला. त्रेचाळीस पुरी व्हायला महिनाही उरला नव्हता. मागे पत्नी कोरा आणि दोन लहान मुले. त्याच्या अस्थी पिट्सबर्गजवळच्या त्याच्या जुन्या ॲलेघेनी वेधशाळेत ठेवल्या आहेत.

ठरवलेली यादी अपुरी राहिली होती. ती पेराइन या सहकाऱ्याने पुरी केली आणि सारी छायाचित्रे १९०८ मध्ये कीलरच्या स्मरणार्थ एका खंडात छापली गेली. पेराइननेच दुर्बिणीची मांडणी नव्याने बांधून घेतली आणि १९०४-०५ मध्ये तिच्यातून गुरूचे दोन नवे चंद्र शोधले. त्यातल्या एकाचे नाव पुढे हिमालिया ठेवले. ते वाचून आपल्याकडे काहींना हिमालय आठवतो, पण ती ग्रीक पुराणातली अप्सरा आहे. पुढे हीबर कर्टिस याने क्रॉसलीवरच बसून सर्पिल तेजोमेघांचा अभ्यास केला. हे आपल्या आकाशगंगेसारखेच, पण फार दूरचे स्वतंत्र ताऱ्यांचे समूह आहेत, अशी बाजू त्याने १९२० च्या प्रसिद्ध वादात मांडली. त्यानंतर चारच वर्षांत हबलने देवयानीतल्या तेजोमेघाचे अंतर काढले आणि वाद मिटला. कीलरच्या काचांच्या कडेला उमटलेले ते लहान लहान ठिपके दीर्घिका होत्या.

जेऊरला येऊन गेलेले कॅम्पबेल कीलरच्या जागी संचालक झाले आणि पुढे तीस वर्षे त्यांनी तो डोंगर सांभाळला. पुण्यात नायगमवालांनी उभारलेली वीस इंची आरशाची दुर्बीण त्यांच्या निवृत्तीनंतर, १९१२ मध्ये, कोडाईकनालच्या डोंगरावर गेली. क्रॉसली मात्र माउंट हॅमिल्टनवरच्या त्याच सोंडेवर राहिली आणि २०१० पर्यंत कामात होती.