जनांतिक : हाताने केलेली कुजबुज

बापलेकीचा प्रवेश रंगात आला होता. बापाचं काम करणारा नट हनुवटी छातीला टेकवून, शर्टाच्या गुंडीशी बोलावं तसा पुटपुटत होता. बाल्कनीतून हाक आली, "आवाज!" पाठोपाठ आणखी दोन-चार जण ओरडले. नटाने पुढचं वाक्य मोठ्याने घेतलं खरं, पण प्रवेश पडला तो पडलाच. मला ओरडणाऱ्यांचा राग आला नाही. नाटक ऐकण्याचा त्यांचा हक्कच होता.

घरी आल्यावर 'शाकुंतल' काढलं. पहिल्याच अंकात दुष्यंत समोर उभा असताना प्रियंवदा अनसूयेला विचारते, हा कोण असेल गं? कंसात सूचना आहे, 'जनान्तिकम्'. दुष्यंताला हे ऐकू जायचं नाही आणि प्रेक्षकाचा तर एक शब्दही चुकायचा नाही. हे साधायचं कसं? दहाव्या शतकातल्या धनंजयाच्या 'दशरूपका'त उत्तर मिळालं : त्रिपताक हात. बाकी बोटं सरळ, अनामिका तेवढी दुमडलेली. ज्याच्यापासून बोलणं लपवायचं, त्याच्या बाजूला हा हात आड धरायचा. म्हणजे कुजबुज करायची ती हाताने! घसा मोकळाच राहायचा.

आता या शब्दाची फोड. 'अन्तिक' म्हणजे जवळ, यात वाद नाही. वाद आहे तो 'जन' कोण याचा. एक अर्थ असा लावता येतो की, जन म्हणजे जिला सांगायचं ती व्यक्ती. तिच्या जवळ जाऊन बोललेलं ते जनांतिक. ऐकायला सोपं वाटतं. पण धनंजय 'जनान्ते' म्हणतो, म्हणजे लोकांच्या सान्निध्यात, चारचौघांत. मी धनंजयाच्या बाजूचा. कारण कानाशी लागून सांगायचं असेल तेव्हा संस्कृत नाटककार सरळ 'कर्णे' अशी वेगळी सूचना देतो आणि पुढे फक्त 'एवमिव', म्हणजे 'असं असं', एवढंच लिहितो. तिथे मजकूर प्रेक्षकाला ऐकवायचाच नसतो. ज्यांना खऱ्या कुजबुजीसाठी स्वतंत्र शब्द होता, ते जनांतिकाला दुसरी कुजबुज कशाला करतील? 'स्वगत'ही त्याच घरातलं. मनातलं बोलायचं, पण शेवटच्या रांगेपर्यंत पोचवून.

पुढचे टप्पे सर्वांच्या ओळखीचे आहेत. १८८० साली किर्लोस्करांचं 'संगीत शाकुंतल' आलं, १९३३ साली नाट्यमन्वंतरचं 'आंधळ्यांची शाळा', आणि वास्तववादी नाटकाने स्वगत-जनांतिक हद्दपार केलं. पुटपुटण्याचं खापर लोक मायक्रोफोनवर आणि पुटपुटत बोलणाऱ्या हॉलिवूडच्या ब्रँडोच्या नकलेवर फोडतात. माइकचा दोष आहेच. ओठांपुढचा श्वासही तो टिपतो, मग फेक कमावणार कोण? तरी माझं म्हणणं असं की, हात आधी गेला. गुपित दाखवायची खूण उरली नाही, म्हणून ते काम घशावर पडलं. माइकने फक्त सवय पक्की केली.

नाट्यगृह मोठं असतं हेही कारण सांगतात, आणि त्याला भरताचाच आधार आहे. नाट्यशास्त्राच्या दुसऱ्या अध्यायात तो माणसांसाठी ६४ हात लांब, ३२ हात रुंद असा मध्यम मंडप पसंत करतो, म्हणजे साधारण ९६ फूट बाय ४८ फूट. त्याहून मोठ्या मंडपात उच्चार विरून जातात, असं कारणही देतो. हे मला मान्य. पण २०१४ साली बीबीसीच्या 'जमैका इन' मालिकेतले संवाद कळत नाहीत म्हणून दोन हजारांवर तक्रारी गेल्या, तेव्हा प्रेक्षक आपापल्या घरात, पडद्यापासून चार हातांवर बसले होते.

त्रिपताक हात परत आणा, असं मी म्हणत नाही. दिग्दर्शकांना एवढीच विनंती : रंगीत तालमीला संहिता न वाचलेला एक माणूस बाल्कनीच्या शेवटच्या रांगेत बसवा, आणि त्याने "आवाज" म्हटलं की प्रवेश पहिल्यापासून घ्या.