माथ्यापासून पायथ्यापर्यंत

देवळाच्या बांधणीचा इतिहास या पुस्तिकेंत इतरत्र येईलच. आम्ही येथें मातीच्या बांधांचा लिहितों.

सन १९७२ च्या दुष्काळांत अहमदनगर (आतांचें अहिल्यानगर) जिल्ह्यांतील गांवें कशीं होरपळलीं, हें वडील मंडळींस सांगावयास नको. स्वित्झर्लंडहून आलेले येशूसंघीय फादर हर्मन बाखर त्या काळीं तेथील शेतकऱ्यांत काम करीत होते. डोंगर उघडा राहिला कीं माती वाहून जाते, आणि विहीर कितीही खोल खणली तरी कोरडीच! म्हणून काम माथ्यापासून धरावयाचें: वर समतल चर व झाडें, मधल्या शेतांस बांध, खालीं ओढ्यास नालाबांध. हें एकट्याचें काम नव्हे. वरच्यानें बांध घातला नाहीं, तर खालच्याचा वळवाच्या पहिल्याच सरीनें फुटतो.

सन १९९० च्या सुमारास इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम उभा राहिला. श्रमदान, चराईबंदी व कुऱ्हाडबंदी गांवानें आपखुषीनें पत्करावी, ही त्याची अट. १९९३ सालीं फादर बाखर व क्रिस्पिनो लोबो यांनीं ‘वॉटर’ संस्था स्थापिली. एका गांवचे शेतकरी दुसऱ्या गांवीं जाऊन झालेलें काम पाहूं लागले. आम्हां धर्मगुरूंच्या प्रवचनापेक्षां शेजाऱ्याची भरलेली विहीर त्यांस अधिक पटे, हें कबूल केलें पाहिजे.

भार मात्र सर्वांवर सारखा पडला नाहीं. ज्यास शेत नाहीं, चार शेळ्या हेंच ज्याचें धन, त्यास रान आधीं बंद झालें. पाणी वाढलें तें दुसऱ्याच्या विहिरींत. कांहीं गांवांनीं गवत विळ्यानें कापून नेण्याची मोकळीक दिली. परंतु तेवढ्यावर मेंढरांचा कळप पोसत नाहीं.