रोमा समाजातील प्रौढ शिक्षण आणि आरोग्य

युरोपात ‘जिप्सी’ या नावाने हिणवला गेलेला रोमा समाज हा त्या खंडातील सर्वांत मोठा वांशिक अल्पसंख्य समाज होय. त्याची लोकसंख्या १ कोटी ते १ कोटी २० लाखांच्या दरम्यान मानली जाते. या लोकांचे पूर्वज शतकांपूर्वी भारतातून पश्चिमेकडे गेले, याची साक्ष त्यांची रोमानी भाषा देते. पाणी, नाक, कान हे शब्द त्या भाषेत जवळजवळ आपल्यासारखेच उच्चारले जातात.

या समाजातील अनेक प्रौढांचे शालेय शिक्षण अपुरे राहिले, त्याचे कारण केवळ दारिद्र्य नव्हे. चेक प्रजासत्ताकातील ओस्ट्रावा येथे रोमा मुलांना मतिमंदांसाठीच्या शाळांत पाठविले जात असे. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २००७ साली हा भेदभाव ठरविला.

अपुऱ्या शिक्षणाची किंमत शरीरालाही मोजावी लागते. स्लोव्हाकियात २००० साली एका रोमा स्त्रीकडून ऐन प्रसूतीवेदनांत नसबंदीच्या संमतिपत्रावर सही घेण्यात आली. ‘नसबंदी’साठी कागदावर असलेल्या वैद्यकीय शब्दाचा अर्थ तिला ठाऊक नव्हता. २०११ साली त्याच न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. परंतु गमावलेले मातृत्व निकालाने परत मिळत नाही. दोष अर्थातच तिच्या अज्ञानाचा नव्हे, तर त्या अज्ञानाचा फायदा घेणाऱ्यांचा होता.

म्हणूनच प्रौढांचे आरोग्यशिक्षण म्हणजे केवळ स्वच्छतेचे धडे नव्हेत, असे आम्हांस वाटते. औषधाची चिठ्ठी वाचणे, डॉक्टरांना प्रश्न विचारणे आणि न समजलेल्या कागदावर सही करण्यास नकार देणे, हेही त्यात आले पाहिजे.

या दृष्टीने रुमानियाचा प्रयोग उल्लेखनीय आहे. तेथील आरोग्य मंत्रालयाने २००२ साली ‘आरोग्य मध्यस्थ’ हे पद निर्माण केले. या मध्यस्थ बहुतांशी रोमा स्त्रियाच असतात. त्या घरोघरी जातात, लसीकरणाचे महत्त्व पटवितात, कुटुंबाची डॉक्टरांकडे नोंदणी करून देतात आणि डॉक्टरांचे बोलणे घरच्या भाषेत समजावून सांगतात. शिकविणारी आपल्यातलीच असल्याने शिकणाऱ्याचा संकोच गळून पडतो.

तथापि, शिक्षण एकटे पुरेसे नाही. जागतिक आरोग्य संघटना जीवनमानाचा विचार शारीरिक, मानसिक, सामाजिक आणि परिसरविषयक अशा चार अंगांनी करते. वस्तीत नळ नसेल, तर हात धुण्याचा धडा व्यर्थ ठरतो. युरोपीय संघाच्या मूलभूत हक्क संस्थेच्या २०२१ च्या पाहणीनुसार रोमा स्त्रियांचे आयुर्मान इतर स्त्रियांपेक्षा सुमारे ११ वर्षांनी, तर रोमा पुरुषांचे इतर पुरुषांपेक्षा सुमारे ९ वर्षांनी कमी आहे. हे अंतर २०३० पर्यंत किमान निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट संघाने ठरविले आहे. ते गाठण्यासाठी प्रौढांच्या वर्गाबरोबरच वस्तीत पाणी आणि दवाखान्यात सन्मानाची वागणूकही पोहोचली पाहिजे.