हवेतला निरोप आणि परवान्याची जबाबदारी

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीला महापूर आला, तेव्हा माझी नणंद नदीकाठच्या गावात अडकली होती. रहिमतपूरहून आम्ही दोन दिवस फोन लावत होतो, पण लागत नव्हता. वीज गेली की टॉवर बंद, टॉवर बंद की माणूस मुका. तेव्हापासून माझ्या मनात एक प्रश्न आहे: टॉवरशिवाय निरोप जातच नाही का?

जातो. त्याला हौशी रेडिओ म्हणतात, बोलीत ‘हॅम’. घरातलं छोटं यंत्र, एक एरियल आणि बॅटरी, एवढ्यावर दूरच्या माणसाशी बोलता येतं. मुंबईत १९२३ साली रेडिओ क्लबच्या हौशी मंडळींनीच कार्यक्रम ऐकवायला सुरुवात केली, आकाशवाणी नंतरची.

१९३९ ला महायुद्ध सुरू झालं आणि इंग्रज सरकारनं हौशींचे परवाने रद्द केले. तरी आवाज थांबला नाही. १९४२ च्या चले जाव चळवळीत बावीस वर्षांच्या उषा मेहतांनी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला. यंत्र उभारायला नरिमन प्रिंटर या जुन्या हौशी माणसानं हात दिला. पोलीस मागावर, म्हणून जागा सारख्या बदलायच्या. १२ नोव्हेंबरला त्या पकडल्या गेल्या आणि चार वर्षांची शिक्षा झाली. सरकार हवेतल्या आवाजाला किती घाबरतं, ते यातून कळतं.

स्वातंत्र्यानंतर नियम राहिले, पण हेतू बदलला. आज १९७८ च्या नियमांप्रमाणे बारा वर्षांवरील कुणालाही परीक्षा देऊन केंद्र सरकारचा परवाना मिळतो. त्याबरोबर बंधनं येतात: आपलं सांकेतिक नाव सांगायचं, नोंदवही ठेवायची, धंद्याचं बोलायचं नाही, गाणी वाजवायची नाहीत. आपल्या गटाच्या हिशेबवहीसारखंच हे. लहर सगळ्यांची आहे, म्हणून हिशेब द्यायचा.

डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद हॅम मंडळींबरोबर अंदमानला गेल्या होत्या. २६ तारखेला त्सुनामी आली, फोन तुटले. भारतीताईंनी यंत्र लावलं आणि बेटांवरच्या माणसांची खुशाली मुख्य भूमीवर कळवत राहिल्या. जो छंद होता, तीच सेवा झाली.

पण जबाबदारी एका बाजूची नसते. आपण नियम पाळायचे, तर सरकारनंही परीक्षा जवळच्या ठिकाणी, वेळेवर घ्यावी, परवाना रखडवू नये, आणि आपत्तीच्या आराखड्यात या लोकांना आधीच जागा द्यावी. पूर आल्यावर शोधाशोध करून उपयोग नाही. आपला सातारा जिल्हा कोयनेचा १९६७ चा भूकंप विसरलेला नाही.

तेव्हा पुढच्या बैठकीत विषय घ्या. गटातल्या कुणाची लेक विज्ञान शिकते? तिला या परीक्षेला बसवू या. यंत्रासाठी बचतीतून किती काढता येतील, तेही बोलू. पुढच्या पुरात कुणाच्या नणंदेची खुशाली कळायला दोन दिवस लागू नयेत.