बीटीआरएफएस : बहुडिस्क जागावाटप

लिनक्सवरील कॉपी-ऑन-राइट पद्धतीच्या बीटीआरएफएस या फाइल सिस्टिममध्ये अनेक डिस्कांवर जागा नेमून देण्याची रीत व तिच्यातील रचनादोष. ओरॅकलमध्ये असताना क्रिस मेसन यांनी २००७ मध्ये ही फाइल सिस्टिम जाहीर केली. ओहाद रोदेह यांचे बी-ट्रीविषयक काम हा तिचा पाया. २००९ मध्ये ती कर्नेलच्या २.६.२९ आवृत्तीत आली.

वाटप : दोन टप्प्यांत होते. आधी डिस्कमधून चंक (जागेचा मोठा तुकडा) काढतात, डेटासाठी साधारणतः १ गिबिबाइटचा, मेटाडेटासाठी (फाइलींविषयीच्या नोंदींसाठी) बहुधा २५६ मेबिबाइटचा. मग चंकाच्या आत फाइलींना जागा मिळते. चंक डेटाचा की मेटाडेटाचा हे काढतानाच ठरते. त्यामुळे डेटाच्या चंकांत भरपूर जागा असूनही मेटाडेटासाठी नवा चंक काढता आला नाही, तर ‘जागा शिल्लक नाही’ असा संदेश येतो. अर्धवट भरलेले चंक ‘बॅलन्स’ या आज्ञेने एकवटता येतात, पण बॅलन्सलाही थोडी मोकळी जागा लागतेच. पूर्ण रिकामे चंक कर्नेल ३.१८ पासून आपोआप सुटतात.

प्रती : रेड म्हणजे डेटा अनेक डिस्कांवर विभागून वा प्रती करून ठेवण्याची रीत. रेड-१ मध्ये डिस्क कितीही असोत, प्रती दोनच. नवा चंक सर्वांत जास्त जागा उरलेल्या दोन डिस्कांवर पडतो. म्हणून ४, २ व २ टेराबाइटचे त्रिकूट पुरते वापरले जाते, ४ व १ च्या जोडीत मात्र ३ टेराबाइट पडून राहतात. कोणती प्रत वाचायची हे दीर्घकाळ प्रोसेस क्रमांकाच्या सम-विषमतेवर ठरे, डिस्कवरील भारावर नव्हे. तीन व चार प्रतींची सोय ५.५ मध्ये (२०२०) झाली.

पॅरिटी : वरील दोष गैरसोयीचे, हा मुळावरचा. जुन्या मजकुरावर नवा लिहायचा नाही, हे कॉपी-ऑन-राइटचे वचन. रेड-५ व ६ मध्ये (३.९, २०१३) जुना व नवा डेटा एकाच पट्ट्यात (अनेक डिस्कांवर पसरलेल्या ओळीत) शेजारी येऊ शकतो आणि दोहोंची पॅरिटी, म्हणजे हरवलेला भाग पुन्हा उभा करण्यासाठीची माहिती, सामाईक असते. पट्ट्याचा मोकळा भाग भरला की पॅरिटी जागच्या जागी बदलते, म्हणजे ते वचन मोडते. नेमकी तेव्हा वीज गेली आणि पुढे एखादी डिस्क निकामी झाली, तर हात न लावलेला जुना डेटाही चुकीचा उभा राहतो. झेडएफएस या फाइल सिस्टिममध्ये पट्ट्याची रुंदी लेखनागणिक बदलते व पट्टा पूर्णच लिहिला जातो, त्यामुळे हा प्रसंग येत नाही. धोका व्यवहारात कितपत संभवतो याबाबत मतभेद आहेत. मेटाडेटा तरी रेड-५ वा ६ वर ठेवू नये, असा प्रकल्पाचाच सल्ला आहे. सायनॉलॉजी कंपनीच्या साठवण-यंत्रांत तर रेडचे काम बीटीआरएफएसकडे नसून तिच्याखालील लिनक्सच्या एमडी या रेड-थराकडे असते.

स्वीकार : सूझे एंटरप्राइझ (२०१४) व फेडोरा डेस्कटॉप (२०२०) यांनी ती स्वीकारली; रेड हॅटने मात्र पाठिंबा काढून घेतला.